जुना सर्व्हर प्रोसेसर आणि नवा डेस्कटॉप प्रोसेसर : एक तुलना

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१३ मध्ये 'आदित्य' हा महासंगणक कार्यान्वित झाला. मोसमी पावसाच्या अंदाजासाठी लागणारी प्रचंड गणिते करणे हे त्याचे मुख्य काम होते. त्याच वर्षी पुण्यातच प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, 'परम युवा-२' हा महासंगणक राष्ट्राला सादर केला. या दोन्ही यंत्रांमध्ये इंटेल कंपनीचा एकच प्रोसेसर वापरलेला होता, तो म्हणजे झिऑन ई५-२६७०.

मार्च २०१२ मध्ये बाजारात आलेला हा प्रोसेसर त्या काळी सर्व्हरच्या जगातील एक मातब्बर नाव होते. कंपनीने जाहीर केलेली त्याची किंमत १,५५२ डॉलर होती. जगभरातील माहिती केंद्रांनी पुढे आपली यंत्रे बदलली, तेव्हा हे प्रोसेसर मोठ्या संख्येने जुन्या मालाच्या बाजारात आले आणि मूळ किमतीच्या अगदी अल्प अंशात मिळू लागले. साहजिकच विद्यार्थी, लहान कार्यालये आणि छंद म्हणून संगणक जोडणारे अनेक जण त्यांच्याकडे वळले. 'आठ कोअरचा सर्व्हर प्रोसेसर इतक्या स्वस्तात मिळत असताना नव्यासाठी पैसे का मोजावेत?' हा प्रश्न त्यातूनच निर्माण झाला.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रस्तुत लेखात झिऑन ई५-२६७० ची तुलना एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६०० या डेस्कटॉप प्रोसेसरशी केली आहे. रायझन ५ ५६०० एप्रिल २०२२ मध्ये १९९ डॉलर या जाहीर किमतीला बाजारात आला. म्हणजे दोहोंमध्ये दहा वर्षांचे अंतर आहे आणि मूळ किमतीत जवळपास आठपटीचा फरक आहे. रायझन ५ ५६०० नंतरही अनेक नवे प्रोसेसर आले आहेत. तथापि, मध्यम खर्चाच्या घरगुती संगणकाचा प्रतिनिधी म्हणून त्याची निवड उचित ठरते.

दृष्टिक्षेपात दोन प्रोसेसर

झिऑन ई५-२६७० : वर्ष २०१२, ३२ नॅनोमीटर तंत्र, ८ कोअर, १६ थ्रेड, मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, कमाल ३.३ गिगाहर्ट्झ, २० मेगाबाइट कॅश, डीडीआर ३ स्मृती, चार वाहिन्या, पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या ४० मार्गिका. उष्णता-मर्यादा ११५ वॅट.

रायझन ५ ५६०० : वर्ष २०२२; ७ नॅनोमीटर तंत्र; ६ कोअर, १२ थ्रेड; मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, कमाल ४.४ गिगाहर्ट्झ; ३२ मेगाबाइट कॅश; डीडीआर ४ स्मृती, दोन वाहिन्या; पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या २४ मार्गिका. उष्णता-मर्यादा ६५ वॅट.

केवळ कोअरची संख्या पाहिली तर जुना प्रोसेसर सरस वाटतो. गिगाहर्ट्झ पाहिले तर नवा पुढे आहे, परंतु फार पुढे आहे असे दिसत नाही. मात्र हे दोन्ही आकडे अपुरे आहेत. प्रोसेसरची खरी कुवत ठरते ती एका ठोक्यात तो किती काम उरकतो आणि त्या कामासाठी लागणारी माहिती त्याच्यापर्यंत किती वेगाने पोहोचते, यावरून.

एका ठोक्यातील काम

प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये सांगितला जातो. २.६ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २.६ अब्ज ठोके. प्रत्येक ठोक्यात प्रत्येक कोअर काही गणिते पूर्ण करतो. झिऑन ई५-२६७० मध्ये एव्हीएक्स नावाच्या आज्ञा आहेत. त्यांच्या साहाय्याने एक कोअर एका ठोक्यात दशांश चिन्हांच्या मोठ्या संख्यांच्या चार बेरजा आणि चार गुणाकार, अशी एकूण आठ गणिते करू शकतो. आठ कोअर, २.६ अब्ज ठोके आणि प्रत्येक ठोक्याला आठ गणिते यांचा गुणाकार केल्यास सेकंदाला १६६.४ अब्ज गणिते, ही त्याची सैद्धांतिक कमाल क्षमता निघते.

रायझन ५ ५६०० मध्ये गुणाकार आणि बेरीज एकाच आज्ञेत उरकण्याची सोय आहे, आणि अशा आज्ञा पार पाडणारे दोन विभाग प्रत्येक कोअरमध्ये आहेत. त्यामुळे त्याचा एक कोअर एका ठोक्यात सोळा गणिते करतो. सहा कोअर आणि ३.५ अब्ज ठोके धरल्यास त्याची क्षमता सेकंदाला ३३६ अब्ज गणिते इतकी होते.

'आदित्य'सारख्या यंत्रांत एका मदरबोर्डवर असे दोन झिऑन बसवण्याची पद्धत होती. दोन झिऑनची मिळून क्षमता ३३२.८ अब्ज गणिते होते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी महासंगणकाच्या एका घटकातील दोन प्रोसेसर मिळून जेवढी गणिते करू शकत, तेवढी गणिते आज घरातल्या मेजावरचा एकच प्रोसेसर कागदावर तरी करू शकतो. उष्णता-मर्यादेच्या भाषेत सांगायचे तर तिकडे २३० वॅट आणि इकडे ६५ वॅट.

येथे 'कागदावर' हा शब्द महत्त्वाचा आहे. हे आकडे मूळ वेगावर काढलेले आहेत आणि प्रत्येक ठोका सत्कारणी लागला असे त्यात गृहीत धरले आहे. एव्हीएक्स किंवा तिच्या नंतरच्या आज्ञांचा उपयोग न करणाऱ्या साध्या कार्यक्रमांत हा फरक इतका स्वच्छ दिसत नाही. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, आंतरजाल पाहणे किंवा छायाचित्रे सुधारणे अशा दैनंदिन कामांत एका कोअरचा वेग सर्वांत निर्णायक ठरतो. तेथे नव्या प्रोसेसरचा एक कोअर जुन्याच्या एका कोअरपेक्षा सुमारे दुप्पट वेगवान आढळतो. त्यापैकी काही वाढ गिगाहर्ट्झमुळे आहे. उरलेली वाढ आज्ञांचा क्रम आधीच ओळखण्याच्या सुधारित पद्धतीमुळे, मोठ्या कॅशमुळे आणि एकाच वेळी अधिक आज्ञा हाताळण्याच्या क्षमतेमुळे झाली आहे.

सर्व कोअर एकाच वेळी कामाला लावणाऱ्या कार्यक्रमांतही, उदाहरणार्थ चलच्चित्राचे रूपांतर किंवा मोठ्या फायलींचे संकोचन करताना, सहा कोअरचा नवा प्रोसेसर आठ कोअरच्या जुन्या प्रोसेसरच्या सुमारे दुप्पट काम करतो. कोअरची संख्या म्हणजे वेग नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

स्मृतीचा मार्ग

कारखान्यात यंत्रे कितीही वेगवान असली तरी कच्चा माल वेळेवर आला नाही तर ती थांबून राहतात. प्रोसेसरचेही तसेच आहे. त्याला लागणारी माहिती स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, येते. झिऑन ई५-२६७० ला स्मृतीकडे जाणाऱ्या चार वाहिन्या आहेत. डीडीआर ३-१६०० प्रकारची रॅम वापरल्यास प्रत्येक वाहिनी सेकंदाला १२.८ गिगाबाइट माहिती आणू शकते. चारही वाहिन्यांची मिळून क्षमता ५१.२ गिगाबाइट होते.

रायझन ५ ५६०० ला दोनच वाहिन्या आहेत, परंतु डीडीआर ४-३२०० प्रकारच्या रॅममुळे प्रत्येक वाहिनीची क्षमता २५.६ गिगाबाइट आहे. दोन्हींची बेरीज पुन्हा ५१.२ गिगाबाइटच. दहा वर्षांच्या प्रगतीनंतर घरगुती प्रोसेसर या बाबतीत जुन्या सर्व्हर प्रोसेसरच्या केवळ बरोबरीला आला आहे, पुढे गेलेला नाही.

दोन झिऑन असलेल्या मदरबोर्डवर प्रत्येक प्रोसेसरला स्वतःच्या चार वाहिन्या मिळतात. त्यामुळे त्या यंत्राची एकूण क्षमता १०२.४ गिगाबाइट, म्हणजे एका रायझनच्या दुप्पट असते. हवामानाच्या प्रारूपांत पृथ्वीचे वातावरण लक्षावधी चौकटींत विभागलेले असते आणि प्रत्येक चौकटीचे तापमान, दाब, आर्द्रता, वाऱ्याचा वेग ही माहिती सतत स्मृतीतून आणावी व परत ठेवावी लागते. अशा कामात गणिताच्या वेगापेक्षा माहितीच्या वाहतुकीचा वेग अधिक महत्त्वाचा ठरतो. म्हणूनच सैद्धांतिक क्षमता सारखी असली तरी एक रायझन सर्वच प्रकारच्या वैज्ञानिक कामांत दोन झिऑनची जागा घेऊ शकेल, असे म्हणता येणार नाही.

'आदित्य' महासंगणकाचे आकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. जून २०१३ मध्ये जगातील पाचशे वेगवान महासंगणकांची यादी प्रसिद्ध झाली. त्या यादीतील नोंदीनुसार 'आदित्य'मध्ये ३८,०१६ कोअर, म्हणजे ४,७५२ प्रोसेसर होते. त्यांची सैद्धांतिक क्षमता ७९०.७ टेराफ्लॉप होती आणि चाचणीत ७१९.२ टेराफ्लॉप इतका वेग प्रत्यक्ष मिळाला. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते. हजारो प्रोसेसर एकत्र जोडूनही सैद्धांतिक क्षमतेच्या सुमारे ९१ टक्के वेग मिळाला, याचे श्रेय केवळ प्रोसेसरला देता येत नाही. त्यांना जोडणाऱ्या इन्फिनीबँड या अतिवेगवान जाळ्याचाही त्यात मोठा वाटा होता. त्या यादीत 'आदित्य' ३६ व्या आणि 'परम युवा-२' ६९ व्या स्थानावर होता.

स्मृतीची मर्यादा आणि चुकांची दुरुस्ती

सर्व्हर प्रोसेसरची खरी बलस्थाने वेगापलीकडची आहेत. पहिले बलस्थान म्हणजे रॅमची मर्यादा. एका झिऑन ई५-२६७० ला ३८४ गिगाबाइटपर्यंत रॅम जोडता येते. दोन प्रोसेसरच्या यंत्रात ७६८ गिगाबाइटपर्यंत. रायझन ५ ५६०० च्या मदरबोर्डवर सामान्यतः १२८ गिगाबाइट ही कमाल मर्यादा आहे. घरगुती वापरासाठी १२८ गिगाबाइट ही मर्यादाही फार दूरची आहे. मात्र एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या किंवा मोठा माहितीसाठा रॅममध्येच ठेवणाऱ्या संस्थांसाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो.

दुसरे बलस्थान म्हणजे चुकांची दुरुस्ती. रॅममधील एखादा बिट विद्युतीय कारणाने किंवा अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे क्वचित उलटा होतो. शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो. चित्रपट पाहताना असे घडले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु बँकेच्या खात्यात किंवा कित्येक दिवस चालणाऱ्या वैज्ञानिक गणितात अशी एक चूक संपूर्ण निष्कर्ष बदलू शकते. ईसीसी प्रकारच्या रॅममध्ये प्रत्येक ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. त्यांच्या आधारे एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक ओळखता येते. सर्व्हरवर ही सोय मूलभूत मानली जाते.

रायझन ५ ५६०० मध्येही ईसीसी रॅम चालू शकते. परंतु ती सोय मदरबोर्डच्या उत्पादकाने दिलेली आहे किंवा नाही, यावर सर्व अवलंबून असते. शिवाय सर्व्हरमध्ये वापरली जाणारी, मोठ्या क्षमतेची 'रजिस्टर्ड' रॅम डेस्कटॉप मदरबोर्डवर चालत नाही. खरेदीपूर्वी मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जोडण्यांची संख्या

ग्राफिक कार्ड, वेगवान साठवण आणि जाळ्याची कार्डे पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गिकांवरून प्रोसेसरला जोडली जातात. झिऑनला तिसऱ्या पिढीच्या ४० मार्गिका आहेत. रायझनला चौथ्या पिढीच्या २४ असून त्यांपैकी चार मदरबोर्डवरील चिपसेटसाठी राखीव असतात. चौथ्या पिढीच्या मार्गिकेचा वेग तिसऱ्या पिढीच्या दुप्पट असल्याने उरलेल्या २० मार्गिकांची एकूण वहनक्षमता जुन्या ४० मार्गिकांइतकीच भरते.

तरीही फरक उरतोच. दोन ग्राफिक कार्डे, साठवण नियंत्रक आणि जाळ्याचे वेगवान कार्ड एकाच वेळी जोडायचे असेल, तर मार्गिकांचा वेग नव्हे तर त्यांची संख्या महत्त्वाची ठरते. तेथे जुना झिऑन अधिक मोकळीक देतो. याउलट एकच ग्राफिक कार्ड आणि एक-दोन एनव्हीएमई साठवण उपकरणे असलेल्या सामान्य संगणकासाठी नवा प्रोसेसर पुरेसा आहे, एवढेच नव्हे तर त्यावरील प्रत्येक जोडणी अधिक वेगवान आहे.

दोन्ही प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्सची सोय नाही, ही बाब खरेदीदारांनी ध्यानात ठेवावी. घरगुती मदरबोर्डवर यांपैकी कोणताही प्रोसेसर बसवला तरी पडद्यावर चित्र दिसण्यासाठी वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावे लागते.

विजेचा हिशेब

स्वस्त प्रोसेसरची किंमत एकदाच द्यावी लागते. विजेचे देयक मात्र दरमहा येते. उष्णता-मर्यादा म्हणजे मीटरवरील नोंद नव्हे. ती प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी किती उष्णता बाहेर काढावी लागेल, याचे माप आहे. पूर्ण भारावर प्रत्यक्ष वापर तिच्यापेक्षा थोडा अधिक आणि रिकाम्या वेळेत बराच कमी असू शकतो. तरीही तुलनेसाठी तो आधार घेता येतो.

दोहोंमधील फरक ५० वॅटचा आहे. संगणक पूर्ण भारावर दिवसाला आठ तास, वर्षातून ३०० दिवस चालला तर हा फरक वर्षाला १२० युनिट होतो. यंत्र वर्षभर अहोरात्र चालले तर तो ४३८ युनिटपर्यंत जातो. युनिटला १० रुपये दर गृहीत धरल्यास अनुक्रमे १,२०० आणि ४,३८० रुपये. दोन झिऑनचा सर्व्हर आणि एक रायझन अशी तुलना केल्यास फरक १६५ वॅटचा, म्हणजे अहोरात्र वापरात वर्षाला सुमारे १,४४५ युनिटचा होतो. त्याच दराने ही रक्कम १४,००० रुपयांहून अधिक भरते. हे आकडे कमाल मर्यादा दाखवणारे असले तरी त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. सतत चालणाऱ्या यंत्रावर खरेदीत वाचलेले पैसे विजेच्या देयकात निघून जाण्यास फार काळ लागत नाही.

शिवाय काम दुप्पट वेगाने पूर्ण होत असेल तर नवा प्रोसेसर निम्म्या वेळात मोकळा होतो. तेवढ्याच कामासाठी लागणारी एकूण वीज लक्षात घेतली तर अंतर आणखी वाढते. माहिती केंद्रांनी चालू स्थितीतील यंत्रे बदलण्यामागे हेच प्रमुख कारण होते. तेथे प्रोसेसरच्या विजेबरोबरच तो थंड ठेवणाऱ्या वातानुकूलनाच्या विजेचाही भार पडतो.

सॉफ्टवेअर आणि सुरक्षितता

जुन्या प्रोसेसरची सर्वांत मोठी अडचण वेगाची नसून सॉफ्टवेअरची आहे. मायक्रोसॉफ्टची विंडोज ११ ही प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. कंपनीने मान्य केलेल्या प्रोसेसरच्या यादीत झिऑन ई५-२६७० नाही. रायझन ५ ५६०० आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. यादीबाहेरच्या यंत्रावर नवी प्रणाली आडमार्गाने बसवता येते. परंतु पुढील सुधारणा मिळत राहतील याची हमी कंपनी देत नाही. कार्यालयीन कामासाठी हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

लिनक्सच्या बहुतेक वितरणांवर जुना झिऑन आजही उत्तम चालतो. परंतु तेथेही काळ पुढे सरकत आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीला एव्हीएक्स २ या आज्ञासंचाची गरज असते. इंटेलने हा संच २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून दिला. ई५-२६७० त्याआधीच्या सँडी ब्रिज पिढीतील असल्याने त्यात तो नाही. रायझनमध्ये तो आहे.

सुरक्षेचा मुद्दा तितकाच गंभीर आहे. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या नावांनी ओळखले जाणारे दोष उघडकीस आले. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढच्या आज्ञा आधीच अंदाजाने पार पाडतो. त्या प्रक्रियेतून गुप्त माहितीचा माग काढता येतो, असे त्यातून दिसून आले. मेल्टडाउनची झळ प्रामुख्याने इंटेलच्या प्रोसेसरना बसली आणि सँडी ब्रिज पिढीही त्यातून सुटली नाही. एएमडीचे प्रोसेसर मेल्टडाउनपासून बचावले. स्पेक्टरचा उपसर्ग मात्र दोन्ही कंपन्यांना झाला. जुन्या झिऑनवर मेल्टडाउनचा बंदोबस्त प्रणालीतील बदलांनी करावा लागतो आणि त्यामुळे साठवण व जाळ्याचा सतत वापर करणाऱ्या कामांत वेग काही प्रमाणात घटतो. अनेक वापरकर्ते एकाच यंत्रावर काम करत असतील, तर या सुधारणा बंद ठेवून वेग मिळवण्याचा मोह टाळलाच पाहिजे.

स्वस्ताईमागील खर्च

जुना प्रोसेसर अल्प किमतीत मिळाला तरी त्याच्याबरोबर येणाऱ्या इतर वस्तूंचा विचार करावा लागतो. या प्रोसेसरचा सॉकेट, एलजीए २०११, आता प्रचलित नाही. नामांकित कंपन्यांचे नवे मदरबोर्ड त्यासाठी तयार होत नाहीत. बाजारात मिळतात ते एकतर वापरलेले असतात किंवा जुन्या यंत्रांतून काढलेल्या चिपसेटवर नव्याने जोडलेले असतात. त्यांच्या टिकाऊपणाची आणि बायोसच्या सुधारणांची खात्री देणे कठीण असते.

संपूर्ण जुना सर्व्हर घेतल्यास दर्जाचा प्रश्न बराचसा सुटतो, कारण ही यंत्रे अहोरात्र चालण्यासाठीच घडवलेली असतात. मात्र मांडणीत सरकवण्याजोगे हे चपटे यंत्र घरात ठेवण्यासाठी बनवलेले नसते. त्याचे छोटे आणि अतिवेगवान पंखे एवढा आवाज करतात की अभ्यासाच्या खोलीत ते सहन होणे कठीण जाते. सुट्या भागांसाठीही पुन्हा जुन्याच बाजारावर अवलंबून राहावे लागते.

रायझनच्या बाबतीत एएम४ या सॉकेटची परंपरा ग्राहकांच्या पथ्यावर पडली. २०१६ पासूनच्या या सॉकेटवर अनेक पिढ्यांचे प्रोसेसर बसतात आणि मदरबोर्ड सहज मिळतात. २०२२ च्या उत्तरार्धात एएमडीने एएम५ हा पुढचा सॉकेट आणि डीडीआर ५ रॅम आणली. त्यामुळे एएम४ घेणाऱ्याला भविष्यातील वाढीची वाट मर्यादित आहे, हेही नमूद केले पाहिजे.

कोणी काय निवडावे?

घरगुती वापर, शिक्षण, कार्यालयीन कामे, चित्रसंपादन, संगणक खेळ किंवा संगणक आज्ञावलीचा अभ्यास यांसाठी नवा डेस्कटॉप प्रोसेसर हीच योग्य निवड होय. तो वेगवान आहे, कमी वीज घेतो आणि त्याला नव्या प्रणालींचे साहाय्य आहे. अंदाजपत्रक तंग असल्यास नव्या पिढीतील खालच्या श्रेणीचा प्रोसेसर घेणेही जुन्या सर्व्हर प्रोसेसरपेक्षा बहुधा हिताचे ठरते.

जुना झिऑन उपयोगी पडतो तो मोजक्या प्रसंगी. कमी पैशात खूप रॅम हवी असेल, ईसीसीची खात्रीशीर सोय हवी असेल, अनेक कार्डे जोडायची असतील आणि यंत्र सतत चालवायचे नसेल, तर त्याचा विचार करता येईल. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना त्याचा आणखी एक उपयोग आहे. दोन प्रोसेसरची रचना, दोघांच्या स्मृतीतील अंतराचा वेगावर होणारा परिणाम, आभासी संगणकांचे व्यवस्थापन या गोष्टी पुस्तकात वाचण्यापेक्षा खऱ्या सर्व्हरवर हाताळल्यास लवकर समजतात. शिकण्याचे साधन म्हणून जुना सर्व्हर आजही मोलाचा आहे. मात्र संस्थेचा महत्त्वाचा माहितीसाठा त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नये आणि प्रती अन्यत्र जपून ठेवाव्यात.

निकामी झालेली यंत्रे भंगारात देताना ई-कचऱ्याच्या नियमांचे भान ठेवणे आवश्यक आहे. देशात ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडे जाणे अपेक्षित आहे. चालू स्थितीतील यंत्राचा आणखी काही वर्षे योग्य वापर करणे हाही कचरा कमी करण्याचा एक मार्ग आहे; परंतु त्यासाठी लागणारी जादा वीज हिशेबात धरली पाहिजे.

'आदित्य'नंतर त्याच संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'अर्क' आला. 'आदित्य'च्या सैद्धांतिक क्षमतेच्या हा सुमारे पंधरापट आहे. मोसमी पावसाचा अंदाज अधिक लहान क्षेत्रासाठी आणि अधिक आधी देता यावा, हा या वाढीमागील हेतू आहे. कारण शेतकऱ्याची पेरणी आणि धरणांचे नियोजन त्यावर अवलंबून असते. तेथेही यंत्राची निवड कोअर मोजून होत नाही. काम कोणते, त्याला स्मृती किती, वीज किती आणि ते किती काळ विश्वासाने चालले पाहिजे, हे आधी ठरते. घरासाठी एक प्रोसेसर निवडतानाही हेच चार प्रश्न विचारले, तर स्वस्त आणि महाग यांतील खरा फरक आपोआप उमगतो.